ज्योतीचा रंग कोणाचा? पांढऱ्या मिठातला धातू ओळखताना

भिलाईहून मी, तुमचा निवृत्त कर्नल. मागच्या भागात आपण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांबद्दल बोललो होतो. आजही विषय क्षारांचाच आहे, पण आजची ओळख पाण्यात नाही, ज्योतीत करायची आहे. समोर एक पांढरी भुकटी आहे. तिला वास नाही, रंग नाही. तिच्यात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, कॅल्शियम आहे की बेरियम, हे ज्योतीच्या रंगावरून कसं ओळखतात आणि ओळखताना माणूस नेमका कुठं फसतो, ते आज पाहू.

खरं तर आजचा विषय दुसराच ठरला होता. हा विषय एका बरणीतून माझ्या दारात आला.

काकाजींची बरणी

आमच्या शेजारी एक काकाजी राहतात. मूळचे गोंदियाकडचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ओपन हार्थ भट्टीवर काढली. दोन-तीन वर्षांपासून त्यांची मूत्रपिंडं थोडी मंदावली आहेत आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे.

एका संध्याकाळी ते हातात प्लास्टिकची बरणी घेऊन आले. "कर्नलसाहेब, तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? हे मीठ कोणतं होय, तेवढं पाहून सांगता का?"

हकिकत अशी. चार महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. वडिलांना रक्तदाब आहे म्हणून तो मिठाची दोन-तीन पाकिटं घेऊन आला. काकूंनी ती बरणीत रिकामी केली आणि पाकिटं कचऱ्यात गेली. पुढं त्याच बरणीत किराण्याचं साधं मीठही पडलं असावं, काकूंना नक्की आठवत नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बहुतेक सैंधव होतं, नाहीतर ते कमी सोडियमवालं." इकडे आठवडाभर काकाजींना थकवा, पायांत जोर नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सहज विचारलं, "घरी मीठ कोणतं खाता?" काकाजींकडे उत्तर नव्हतं.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. 'कमी सोडियम'चं मीठ म्हणजे साध्या मिठातल्या सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं मीठ. धडधाकट माणसाच्या रक्तदाबाला ते चांगलंच. पण जास्तीचं पोटॅशियम शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती थकली असतील तर पोटॅशियम रक्तात साठत जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही त्यात भर घालतात. आणि रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे मुलानं मायेनं आणलेलं मीठ वडिलांच्या जिवावर बेतू शकतं.

मी काकाजींना सांगितलं, "बरणी आत्तापासून बंद. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल आणि खरा निकाल त्याचाच. पण तोवर ही बरणी काय बोलते ते पाहू."

रंग येतो कुठून

गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच आपली पहिली ज्योत-परीक्षा. वरणातलं मीठ ज्योतीत गेलं आणि मिठातल्या सोडियमनं आपला पिवळा रंग दाखवला.

होतं काय? ज्योतीत दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता असते. तेवढ्या तापात मिठाचे कण वाफ होऊन सुटे होतात. धातूच्या अणूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन ही उष्णता घेऊन वरच्या पायरीवर चढतात. तिथं ते टिकत नाहीत, लगेच खाली उतरतात, आणि उतरताना घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपानं परत देतात. पायऱ्यांमधलं अंतर जेवढं, त्यावर प्रकाशाचा रंग ठरतो. प्रत्येक धातूचा जिना वेगळा. सोडियमच्या जिन्यावर सगळ्यात जास्त ये-जा होते त्या पायरीचा प्रकाश पिवळा, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. पोटॅशियमच्या तशाच पायरीचा प्रकाश गडद लाल, ७६६ आणि ७७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसण्याच्या अगदी काठावर. त्याला थोड्या जांभळ्या प्रकाशाची जोड मिळते आणि ज्योत फिकट जांभळी दिसते.

मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांची मिठं या ज्योतीत रंगच दाखवत नाहीत. म्हणून रंग आला नाही म्हणजे धातू नाही, असं समजायचं नाही.

प्रयोगशाळेत जे रंग पाठ करून घेतात ते असे:

लिथियम: किरमिजी लाल.
सोडियम: झगझगीत सोनेरी पिवळा, बराच वेळ टिकणारा.
पोटॅशियम: फिकट जांभळा, चटकन विझणारा.
कॅल्शियम: विटकरी लाल.
स्ट्रॉन्शियम: गडद शेंदरी-लाल.
बेरियम: कच्च्या सफरचंदासारखा पिवळसर हिरवा, उशिरा येणारा.
तांबं: निळसर हिरवा.

दिवाळीच्या फटाक्यांतले रंग याच यादीतून येतात. फौजेतही हीच यादी आमच्या उपयोगी पडते. सिग्नल पिस्तुलातून आकाशात सोडतात तो लाल गोळा स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. रात्री बंदुकीच्या गोळीमागे जी लाल रेघ दिसते, त्या ट्रेसरमध्येही स्ट्रॉन्शियमच असतं. तिथं रंग म्हणजे हुकूम. त्या रात्री ज्या रंगाचा जो अर्थ ठरला असेल, त्यावर शे-दीडशे माणसं पुढं सरकतात किंवा जागेवर थांबतात. रंग ओळखायला चुकायची सोय नाही, हे मी तिथं शिकलो.

ज्योतीचा आणि फौजेचा संबंध याहूनही जुना आहे. बंदुकीच्या दारूत सोरा लागतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचं भावंड सोडियम नायट्रेट दिसायला तसंच पांढरं, पण दमट हवेत पाणी धरतं, आणि ओली दारू कुणाच्या कामाची? अठराव्या शतकात बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांनी दोन्ही जाळून पाहिले. एकाची ज्योत पिवळी, दुसऱ्याची निळसर जांभळी. दिसायला सारखी दोन मिठं ज्योतीनं वेगळी करून दाखवली.

परीक्षेतला माझा धडा

आता रीत सांगतो. प्लॅटिनमची किंवा निक्रोमची तार घ्यायची. प्रयोगशाळेत ती तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरतात. ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हे पुन:पुन्हा करायचं. मग मिठाची भुकटी ॲसिडच्या थेंबात कालवून तारेच्या टोकावर घ्यायची आणि ज्योतीच्या खालच्या बाहेरच्या कडेला धरायची. ॲसिड कशासाठी? बहुतेक धातूंची क्लोराईडं लवकर वाफ होतात आणि रंग पटकन देतात. सल्फेट किंवा कार्बोनेट असेल तर ते हट्टी असतं, म्हणून त्याचं आधी क्लोराईड करून घ्यायचं.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. १९८० च्या सुमाराची गोष्ट. माझी बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा. मी तार पाच-सहा वेळा तापवून स्वच्छ केली. टोक थोडं वाकडं झालं होतं, ते बोटांनी सरळ केलं आणि मीठ लावून ज्योतीत धरलं. झगझगीत पिवळी ज्योत! मी आनंदानं 'सोडियम' लिहून मोकळा झालो. परीक्षक जवळ आले, वही पाहिली, माझा घामेजलेला हात पाहिला आणि म्हणाले, "सोडियम बरोबर आहे. पण ते मिठातलं नाही, तुझ्या बोटांवरचं आहे." मला दिलेलं मीठ पोटॅशियमचं होतं. बाजूला ठेवलेली निळी काच मी उचललीही नव्हती. गुण गेले ते गेलेच.

सोडियमची खोड हीच. ते सगळीकडे असतं. घामात, धुळीत, नळाच्या पाण्यात, काचेत. आणि त्याचा आवाज इतका मोठा की बाकी कुणाचं ऐकूच येत नाही. जर्मनीत हायडेलबर्ग इथं बुन्सेन आणि किर्खोफ या जोडीनं १८६० मध्ये याची परीक्षा घेतली. खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात त्यांनी फक्त ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट स्फोट करून उडवलं आणि दुसऱ्या टोकाला ज्योतीकडे पाहत बसले. काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची पिवळी रेघ उमटली. हिशेब केला तेव्हा मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतकं सोडियमही ओळखता येतं, असं निघालं.

त्यांच्याकडे नुसती ज्योत नव्हती, ज्योतीसमोर लोलक होता. लोलक प्रकाशातले रंग बाजूबाजूला मांडतो. मग पिवळा पिवळ्याच्या जागी राहतो आणि जांभळ्याला झाकू शकत नाही. याच रीतीनं त्यांनी १८६० मध्ये सिझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. सिझियम निघालं झऱ्याच्या खनिज पाण्यातून, दोन निळ्या रेघांवरून. त्या रेघा आधीच्या कुठल्याच धातूच्या नव्हत्या.

पहिली फेरी: सगळं पिवळं

आता आमच्या अंगणात या. स्पिरिटचा दिवा लावला. जुन्या शेगडीच्या कॉइलमधून निक्रोमच्या तारेचे तीन तुकडे कापले. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. ॲसिड घेतलं नाही, कारण खायचं मीठ मुळातच क्लोराईड असतं. घरी ॲसिडचा खेळ कुणीही करू नये, संडास धुवायच्या ॲसिडचा तर नाहीच.

फायरिंग रेंजवर बंदूक आधी शून्यावर आणतात, मग निशाणा धरतात. तसं इथंही आधी ओळखीचे नमुने हवेत. म्हणून तीन वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीत आमच्या स्वयंपाकघरातलं साधं मीठ. दुसरीत बागेसाठी आणलेलं पांढरं पोटॅश खत. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच. तिसरीत काकाजींची बरणी. प्रत्येक वाटीची तार वेगळी, आणि तारेला बोट लावायचं नाही.

साधं मीठ: लख्ख पिवळं. पोटॅश: कडेला जांभळी छटा, पण मध्ये पिवळंच, कारण खतात थोडं सोडियम असतंच. बरणीतलं मीठ: लख्ख पिवळं.

काकाजी म्हणाले, "मी तर पिवळंच पाहून राहिलो. म्हणजे साधं मीठ होय. बरं झालं."

इथं थांबलो असतो तर परीक्षेतलीच चूक दुसऱ्यांदा झाली असती. बरणीत सोडियम आहे हे आम्हाला आधीच माहीत होतं. प्रश्न होता, त्याच्या आड आणखी कुणी आहे का? मी म्हटलं, "काकाजी, थांबा. या पिवळ्यानं फार मोठमोठी माणसं चकवली आहेत." आणि चहा येईपर्यंत त्यांना जमखंडीची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

जमखंडीतली नारिंगी रेघ

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाला ज्या जमखंडीकर पटवर्धनांचं नाव आहे, त्यांचं संस्थान जमखंडी. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणकडे गेला. ग्रहण पाहायला जमखंडीत दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन एक फौजी बसला होता: रॉयल इंजिनिअर्सचा लेफ्टनंट जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा हा नातू. याच्या वडिलांनी, सर जॉन हर्शेल यांनी, १८२० च्या दशकात रंगीत ज्योतींचे वर्णपट तपासले होते आणि अगदी थोडा पदार्थही ज्योतीच्या रंगावरून ओळखता येईल असं लिहून ठेवलं होतं. बापानं दिव्याची ज्योत तपासली, मुलगा सूर्याची तपासायला आला होता.

खग्रास अवस्थेत सूर्याच्या कडेवर लालसर ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या असतात, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पावसाळ्याचे ढग सरकत होते. मधल्या फटीतून हर्शेलला त्या ज्वाळांच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेघा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. रेघा सुट्या दिसल्या म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या. हा मोठा निकाल होता. नारिंगी-पिवळ्या रेघेची जागा त्यानं मोजली. घाईच्या त्या मापात ती सोडियमच्या रेघेशी जुळती वाटली. तसं वाटणं साहजिकच होतं. पिवळी रेघ म्हणजे सोडियम, हे तेव्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्याच दिवशी गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. या ज्वाळांच्या रेघा ग्रहण नसतानाही पाहता येतील, हे त्यांना तिथंच सुचलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं करून दाखवलं. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर स्वतंत्रपणे त्याच रीतीवर काम करत होते. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनाही ती पिवळी रेघ दिसली. ग्रहणाची घाई नव्हती, निवांत मोजता आलं. रेघ सोडियमच्या जागेवर नव्हती, किंचित बाजूला होती. सोडियमच्या जोडरेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरचा. पण त्या जागी पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची रेघ बसत नव्हती. त्याला नाव मिळालं हेलियम, सूर्याच्या ग्रीक नावावरून. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅम्झे यांना ते युरेनियमच्या एका खनिजात सापडलं.

जाता जाता एक सांगतो. लॉकियरनं १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे बरेचदा सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे जरूर पाहा, पण साल नीट सांगा.

हर्शेलला कुणी दोष देऊ नये. ढगांतून मिळालेल्या काही क्षणांत त्यानं जे टिपलं ते मोलाचंच होतं. पण ओळखीचा पिवळा दिसला की मन शोध थांबवतं. माझं परीक्षेत थांबलं, काकाजींचं अंगणात थांबलं.

निळी काच

पिवळ्याला गप्प करायला लोलकच हवा असं नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी कोबाल्टची निळी काच वापरतात. काच बनवताना तिच्यात कोबाल्ट मिसळलेलं असतं. ती पिवळा आणि नारिंगी प्रकाश गिळते, निळा-जांभळा आणि टोकाचा गडद लाल सोडते. म्हणजे सोडियम अडलं, पोटॅशियम पार झालं. याच काचेतून पाहिलं तर स्ट्रॉन्शियमची लाल ज्योत जांभळी, कॅल्शियमची विटकरी ज्योत हिरवट आणि बेरियमची निळसर हिरवी दिसते. लाल-लालमध्ये गोंधळ झाला तर हा दुसरा पुरावा कामी येतो.

पण माझ्याकडे निळी काच नव्हती. ती मागवावी लागेल, असं मी म्हटलं. काकाजींनी विचारलं, "कशी असते ती?" मी सांगितलं, गडद निळी, कोबाल्टची. ते एकदम उठले. "अहो, ती तर माझ्या पेटीत आहे!"

इथं भिलाईबद्दल दोन शब्द. या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. माझा जन्म त्यानंतर वर्षभरातला. माझे वडीलही भंडाऱ्याहून इथं नोकरीला आले. पोलाद तेव्हा ओपन हार्थ भट्टीत तयार होत असे. उकळत्या पोलादाकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही, नुसता पिवळा-पांढरा झगमगाट. म्हणून भट्टीवरचे लोक टोपीला किंवा चष्म्याला लावलेल्या निळ्या काचेतून आत पाहत. ती काच कोबाल्टचीच. झगमगाट बाजूला होतो आणि आतला रस, भट्टीचं छत, कुठं जास्त तापलं आहे ते दिसतं. काकाजींनी तीस-पस्तीस वर्षं याच काचेतून आग वाचली होती.

ते ती घेऊन आले. कडेला टवका उडालेली, पण काच शाबूत. मी म्हटलं, "काकाजी, आता तुम्हीच पाहा. या कामात तुम्ही माझे उस्ताद."

पहिली वाटी, साधं मीठ. काच डोळ्यासमोर धरली. पिवळं गेलं, जवळजवळ काहीच उरलं नाही. दुसरी वाटी, पोटॅश. काचेतून लालसर जांभळी ज्योत, स्वच्छ. "हा रंग ध्यानात ठेवा," मी म्हटलं.

तिसरी वाटी, बरणीतलं मीठ. काकाजी काही बोलले नाहीत. त्यांनी तार पुन्हा ओली केली, पुन्हा मीठ उचललं, पुन्हा धरलं. मग काच माझ्या हातात दिली. "दुसऱ्या वाटीसारखंच होय." पोटॅशपेक्षा फिकी, पण तीच लालसर जांभळी ज्योत. आमच्या घरच्या मिठात ती नव्हती, बरणीत होती. आणि मोठ्या प्रमाणात पोटॅशियम क्लोराईड घातलेलं खायचं मीठ म्हणजे ते कमी सोडियमवालंच.

आहे, पण किती?

इथं ज्योत-परीक्षेची हद्द संपते. ती 'आहे' एवढं सांगते, 'किती' ते सांगत नाही. बरणीत पंधरा टक्के पोटॅशियम क्लोराईड आहे की तीस, हे डोळ्याला ठरवता येत नाही. काकाजींच्या पोटात किती गेलं, हे तर त्याहून नाही. शाळा-कॉलेजातही ज्योतीचा रंग हा पहिला इशारा मानतात आणि मग खात्रीची चाचणी करतात. बेरियमसाठी पोटॅशियम क्रोमेटनं पिवळा साका, कॅल्शियमसाठी अमोनियम ऑक्झलेटनं पांढरा साका, पोटॅशियमसाठी सोडियम कोबाल्टिनायट्राईटनं पिवळा साका.

'किती' मोजायचं तर डोळ्याच्या जागी यंत्र लागतं. गंमत म्हणजे दवाखान्यातल्या प्रयोगशाळांत रक्तातलं सोडियम-पोटॅशियम वर्षानुवर्षं ज्योतीवरच मोजत. त्या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणतात. रक्ताचा पातळ केलेला नमुना फवाऱ्यानं ज्योतीत सोडायचा. समोर एक गाळणी, जी फक्त ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश आत घेते, दुसरी फक्त ७६६ चा. मागं प्रकाश मोजणारी पेशी. माहीत असलेल्या द्रावणाशी तुलना केली की आकडा हातात. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रोडवर मोजतात, पण निळ्या काचेचं काम आणि त्या गाळणीचं काम एकच: बाकीचे गप्प, एकालाच बोलू द्या.

पोलाद कारखान्यांतही तेच तत्त्व आहे. वितळलेल्या पोलादाचा नमुना घेतात, गोठवून घासतात, त्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि त्या ठिणगीच्या प्रकाशातल्या रेघा मोजून मँगनीज किती, क्रोमियम किती ते काढतात. रेघा अदमासानं नाही, मोजून वाचायच्या.

दुसऱ्या दिवशी काकाजींचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम साधारणपणे लिटरमागे ३.५ ते ५.० मिलिमोल असावं. त्यांचं होतं ५.९. ते लगेच मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि बरणीची हकिकतही सांगितली. डॉक्टरांनी आधी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. मीठ बंद केलं, रक्तदाबाची गोळी बदलली, केळी आणि नारळपाणी काही दिवस वर्ज्य सांगितलं. दहा दिवसांनी आकडा ४.८ वर आला. पायांतला जोरही हळूहळू परतला.

मुलाला फोन करताना मी शेजारीच बसलो होतो. काकाजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, आणलेलं चांगलंच होतं. फक्त माझ्या कामाचं नव्हतं. पुढच्या वेळी पाकीट फेकू नको म्हणा."

तेवढं लक्षात ठेवा

घरात मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाकिटावरचं घटकांचं लेबल कापून बरणीत ठेवा. शंका आली तर बरणी बाजूला आणि रक्ताची तपासणी आधी. आमच्यासारखा दिवा लावून बसू नका. आम्ही बसलो ते रिपोर्टची वाट पाहत, रिपोर्टच्या ऐवजी नाही.

आणि जी मुलं यंदा बारावीचं किंवा बी.एस्सी.चं प्रात्यक्षिक देणार आहेत, त्यांच्यासाठी: तार नीट जाळा, तिला बोट लावू नका, ओळखीचा नमुना शेजारी ठेवा. ज्योत पिवळी दिसली तर लगेच वहीत लिहू नका. निळी काच उचला आणि पुन्हा पाहा.

काकाजींची काच आता माझ्या टेबलावर आहे. व्हिडिओसाठी मागून घेतली होती. परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशी. भट्टी तर बंद झाली, तुमचा दिवा चालू आहे."

पुढच्या भागात याच काचेतून दिवाळीचे फटाके पाहू. तोवर, जय हिंद.